सोळा भोकं

आरव्हीच्या छपरावर सोलर पॅनल बसवायचं म्हटलं की वाद विजेवरून होईल असं वाटतं. आमच्याकडे तो पाण्यावरून झाला, आणि माझ्या मते तो तिथूनच सुरू व्हायला हवा.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमची आरव्ही ओढायच्या जातीतली आहे. पिकअपच्या मागे जोडायचा ट्रेलर, २६ फुटी, चांगला जुना. आत ओटा, गॅसवर चालणारा फ्रीज, न्हाणी, निजायची सोय. छपरावर एअर कंडिशनर. बायकोने हा ट्रेलर हौसेने घेतला तेव्हापासून तिच्या डोक्यात क्वार्ट्झसाइट आहे. ॲरिझोनातलं हे वाळवंटी गाव उन्हाळ्यात ओस पडतं आणि हिवाळ्यात उत्तरेची थंडी चुकवायला आलेल्या आरव्हींनी भरून जातं. गावालगतची जमीन केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे. परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा काळ तिथल्या राखीव पट्ट्यात तळ ठोकता येतो. पाणी भरायची आणि मैला टाकायची सोय आहे. विजेचा खांब मात्र नाही.

तिचे मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले, हयात सबस्टेशनांत गेलेली. नाशिकला असतात, यंदा मुक्कामाला आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले आहेत. गॅरेजमधले पॅनलचे खोके त्यांच्या नजरेस पडले आणि आठवडाभर घरात दुसरा विषय निघाला नाही. माझं काम शिडी धरायचं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू नीट ऐकू आल्या.

मामा : भोकं किती?

भाची : कसली भोकं?

मामा : छपराला. सरळ प्रश्न आहे.

भाची : दोन पॅनल, दोन-दोनशे वॉटची. एकेका पॅनलला चार झेड पट्ट्या. एका पट्टीला छपराच्या बाजूने दोन स्क्रू.

मामा : म्हणजे सोळा. आणि वायर आत न्यायला सतरावं. अगं, छप्पर आहे की चाळण?

भाची : तुमच्या गच्चीवर पॅनल आहेतच की मामा.

मामा : आहेत, तीन किलोवॉट. आणि स्लॅबला एक भोक नाही. काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले आणि त्यांच्यात स्ट्रक्चरचे पाय रोवले. कंत्राटदार ड्रिल घेऊन आला होता, त्याला जिन्यातूनच परत पाठवला.

भाची : मग मीही ठोकळे ठेवू ट्रेलरवर? तासाला ६५ मैलांनी जाताना मागच्या गाडीच्या काचेवर काय येईल?

मामा : ठोकळे ठेव म्हटलं नाही मी. पण आजोळच्या पडवीचा पत्रा आठवतोय ना तुला? त्याला भोक कुठे पाडायचे?

भाची : वर, पन्हळीच्या माथ्यावर.

मामा : का?

भाची : पाणी खळगीतून वाहतं म्हणून.

मामा : हां. माथ्यावर भोक, त्यात जे हुक, वर डांबराचं वायसर, आणि तरीही चार पावसाळ्यांनी एखादं ठिबकायचंच. तुझ्या या छपराला माथाच नाही. सपाट! इथे पाडलेलं प्रत्येक भोक खळगीतलंच.

मामांचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. पण बायकोने शिडी लावली आणि त्यांना वर बघायला लावलं. पुढचा खुलासा तिने शिडीच्या वरच्या पायरीवरून केला.

भाची : हा एअर कंडिशनर बसलाय ना, त्याच्या खाली छपराला १४ इंची चौकोन कापलेला आहे. तो न्हाणीचा पंखा, तिथे १४ इंची चौकोन. मागचा झरोका, तोही तसाच. शिवाय ड्रेनेजचे नळ, फ्रीजचं धुराडं, अँटेना. प्रत्येकाच्या कडेने किती स्क्रू आहेत मोजा. सोळाचं काय घेऊन बसलात, शंभर तरी असतील आधीच.

मामा : ती कारखान्यातली भोकं आहेत.

भाची : कारखान्यातही माणसंच स्क्रू मारतात, आणि वरून हेच सीलंट ओततात. भोक गळत नाही मामा, भोकावरचं सीलंट म्हातारं होतं आणि कुणी बघत नाही म्हणून गळतं.

मामा : मग आणखी सोळा म्हाताऱ्या कशाला पोसायच्या? चिकटव की! त्या थ्री-एमच्या टेपने आजकाल टोलेजंग इमारतींच्या दर्शनी काचा चिकटवतात. मी वाचलंय. इमारतीची काच राहते तर तुझं बारा किलोचं पॅनल राहणार नाही?

टेप की स्क्रू हा प्रश्न छपराच्या पोटात शिरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून थोडं तिकडे वळतो. आमच्या ट्रेलरचं छप्पर वरून पांढुरकं दिसतं. ते ईपीडीएम नावाचं रबर आहे, जेमतेम मिलिमीटरभर जाड. एकच अखंड पान, पुढून मागपर्यंत पसरलेलं. त्याखाली पातळ प्लायवूड, त्याखाली आडव्या लाकडी कड्या आणि मध्ये उष्णतारोधक. रबर प्लायवूडला गोंदाने चिकटवलेलं असतं, काही नवीन छपरांत टीपीओ नावाचा दुसरा प्रकार असतो, तोही असाच. फायबरग्लासची किंवा ॲल्युमिनियमची छपरं वेगळी. ती कडक असतात.

भाची : टेप सुटणार नाहीच. टेप रबराला घट्ट धरेल. पण रबराला कुणी धरलंय? कारखान्यात लावलेला गोंद, तोही माझ्या ट्रेलरइतकाच जुना. वारा पॅनल उचलायला लागला की पॅनल, टेप आणि खालचं रबर असं सगळं बिऱ्हाड एकत्र वर येईल.

मामा : वारा उचलेल किती? हिशेब करू.

हिशेब म्हटल्यावर मामांना पाकिटाची पाठ लागते. ताशी १०५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २९ मीटर. हवेची घनता सव्वा किलो. अर्ध्याने गुणायचं, वेगाचा वर्ग करायचा. चौरस मीटरला बावन्न किलोच्या आसपास दाब आला. एक पॅनल साधारण चौरस मीटरचंच असतं. मग त्यांनी समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला. वेग दीडपट झाला आणि दाब पन्नासाचा एकशे पंधरावर गेला.

मामा : वर्गाचा खेळ आहे हा. अर्थात हे पॅनल वाऱ्यासमोर छातीवर उभं केलं तर. आडवं निजलं असेल तर कितीतरी कमी. पण खालून वारा शिरला तर ओढ वरच्या दिशेने, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा झपका वेगळा.

भाची : पॅनलच्या काचेची आणि चौकटीची वाऱ्याची चाचणी २४०० पास्कलला होते.

मामा : म्हणजे अडीचशे किलोच्या जवळ. काच जाणार नाही. प्रश्न पायांचाच.

भाची : म्हणूनच स्क्रू. आणि तेही नुसत्या प्लायवूडमध्ये नाही, खालच्या कडीत.

इथे माझं मत सांगून टाकतो: रबरी छपरावर भाची बरोबर आहे. मामांची टेप फायबरग्लासवर उत्तम काम करते, तिथे भोकं पाडायची गरज पडू नये. काही मालवाहू व्हॅनना तर कारखान्यातूनच छपरावर रॅक बसवायच्या जागा असतात, तिथे हा वादच निघत नाही. जुन्या रबरी छपराला मात्र लाकूड गाठणारा स्क्रू हवा. गळतीची भीती खरी आहे, पण ती सांभाळता येते. हायवेवर उडालेलं पॅनल सांभाळता येत नाही.

कडी शोधायची तिची रीत बघण्यासारखी होती. रबराला वर काही खूण नसते. तिने बोटाएवढं लोहचुंबक दोऱ्याला बांधलं आणि छपरावरून हळूहळू ओढत नेलं. प्लायवूड ज्या पिनांनी कडीला ठोकलेलं असतं त्या पिनांवर आलं की चुंबक किंचित अडखळतं. तिथे खडूची फुली. चार-पाच फुल्या एका रेषेत आल्या की ती कडी. मग मुठीने ठोकून बघायचं: पोकळ ठिकाणी आवाज ढब्ब येतो, कडीवर आखूड. चढताना गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवायचा, म्हणजे अंगाचं वजन एका जागी पडत नाही. मामा खालून तोंडाने नाही म्हणत होते, पण फुल्यांची ओळ सरळ आली तेव्हा त्यांनी मान हलवली. मी पाहिलं.

सीलंटवरून मात्र पुन्हा ठिणगी पडली. मामा दुकानातून सिलिकॉनची नळी घेऊन आले होते.

भाची : सिलिकॉन नको.

मामा : का? बाथरूमच्या टाइल्सपासून काचेच्या टाकीपर्यंत सगळीकडे सिलिकॉनच चालतं.

भाची : या रबराला ते धड धरत नाही. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर नंतर दुसरं काही चिकटत नाही. दुरुस्ती करायला गेलं तर आधी कणन्‌कण खरवडा. पट्टीच्या खाली ही ब्युटाइलची चिकट पट्टी घालायची, स्क्रू आवळला की ती कडेने थोडी बाहेर येते. मग रबरी छपराचंच वेगळं सीलंट येतं ते वरून. ते आपणहून पसरून सपाट होतं, स्क्रूचं डोकं बुडवून टाकतं.

मामा : पेट्रोलने पुसून घेऊ का जागा आधी?

भाची : मामा! पेट्रोलने रबर फुगतं. साबणाचं पाणी, आणि मग सीलंटच्या डब्यावर लिहिलंय ते क्लीनर.

मामा : बरं. हे सीलंट टिकतं किती?

भाची : वर्षातून दोनदा चढून बघायचं. भेग दिसली की नवीन थर.

मामा : इथेच माझी खरी तक्रार आहे. तुला वीज पाहिजे म्हणून उन्हात उभी करणार तू गाडी. आणि हे तुझं सीलंट पावसाने नाही तडकत, उन्हानेच तडकतं. वाळवंटात तर दुप्पट. मग जानेवारीत तू इथे फ्रीमाँटला परत येशील, इथे पाऊस हिवाळ्यातच पडतो. ॲरिझोनात तडकलेलं सीलंट कॅलिफोर्नियात गळणार.

भाची : त्यावर उत्तर आहे. पॅनलच्या खाली सावली असते. जेवढं छप्पर पॅनलने झाकलं तेवढ्याचं ऊन वाचलं. रबर जास्त टिकतं, आतली खोलीही कमी तापते.

मामा : म्हणून चिकटून बसवू नकोस. मध्ये हवा खेळू दे.

भाची : तेच तर म्हणते मी. झेड पट्टीने इंचभर तरी फट राहते. ती चिकटवायची वाकडी होणारी पातळ पॅनलं घेतली नाहीत मी त्याच कारणाने. ती छपराला सपाट बसतात, तापतात आणि लवकर मरतात. तापलं की वीज घटते, दर अंशाला टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्तच.

मामा : पंचवीस अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला. पासष्टला पोचलं तर चौदा ते सोळा टक्के गेले. नाशिकला मे महिन्यात माझ्या मीटरवर दिसतं ते.

वायरींच्या बाबतीत वाद अपेक्षेपेक्षा लवकर मिटला. दोन्ही पॅनल समांतर जोडली तर वीस व्होल्टला वीस अँपिअर. मालेत जोडली तर चाळीस व्होल्टला दहा. प्रवाह निम्मा, वायरीत वाया जाणारी वीज चौथाई. भाचीने मालेचा बेत सांगितला आणि मामांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा खुलला. कोयनेची वीज उच्च दाबानेच मुंबईपर्यंत नेली, कमी दाबाने नेली असती तर वाटेतच गरम होऊन संपली असती, असं एक छोटं प्रवचन आम्ही उभ्याउभ्या ऐकलं.

मामा : पण मालेत एकावर सावली पडली तर दुसऱ्याचंही बसतं ना?

भाची : पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे जातो. तोटा होतो, पण दोन्ही बंद पडत नाहीत.

मामा : आणि वायर आत कुठून? सतरावं भोक?

भाची : सतरावं नाही. फ्रीजच्या धुराड्यातून. गॅसच्या फ्रीजला मागे छपरापर्यंत पोकळ कोठी असते, वर टोपी. वायर त्या टोपीखालून आत, आणि कोठीतून सरळ खाली.

मामा : तिथे गॅसची ज्योत आहे. गरम हवा वर जाते.

भाची : कोपऱ्याने क्लिपा मारून, नळकांड्यापासून लांब ठेवून.

मामा : हं. हे बरं केलंस. पण माझं एक ऐकायचंच. डीसीला साधा घरातला ब्रेकर लावायचा नाही. एसी करंट सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा शून्यावरून जातो, म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ब्रेकर उघडला तरी आतल्या आत कमान जळत राहते. डीसीचाच ब्रेकर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारांत अँपिअर देते. छप्पर गळलं तर फळी बदलशील, आग लागली तर ट्रेलरचं मोजायला काही राहणार नाही.

भाची : मान्य.

मामा : जोडताना पॅनलवर पुठ्ठा टाकायचा. उन्हात चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही.

भाची : मान्य, मान्य.

सबस्टेशनात हयात काढलेल्या माणसाचं हे बोलणं मी लिहून घेतलं. गळतीची चर्चा सगळे करतात. फ्यूज कुठे बसवायचा हे विचारणारे थोडे.

मग प्रश्न आला उन्हाचा. मामांना इथल्या उन्हाबद्दल पहिल्यापासून शंका होती.

मामा : आपल्याकडे मे महिन्यात एक दिवस असा येतो की दुपारी काठी उभी केली तर सावली पायाशीच नाहीशी होते. पुन्हा जुलैच्या सुमारासही येतो, पण ढगांमुळे बघायला मिळत नाही. इथे कधी येतो तसा दिवस?

भाची : इथे कधीच नाही. आपण कर्कवृत्ताच्या वर आहोत.

मामा : मग डिसेंबरात क्वार्ट्झसाइटला दुपारी सूर्य किती वर असतो?

भाची : तेहतीस अंश.

मामा : तेहतीसचा साइन म्हणजे चोपन्न टक्के. अगं, भर दुपारी, निरभ्र आकाशात, तुझं आडवं पॅनल सरळ उन्हाचा निम्म्याहून जरा जास्त हिस्सा घेणार. नाशिकला त्याच दिवशी त्र्याहत्तर टक्के मिळतं. आणि तू आडवं बसवतेस!

भाची : जूनमध्ये तेच आडवं अठ्ठ्याण्णव टक्के घेतं.

मामा : जूनमध्ये तिथे कोण राहतं?

भाची : (हसून) कुणी नाही.

मामा : म्हणजे ज्या महिन्यांसाठी घेतलंस त्याच महिन्यांत निम्मं. त्यापेक्षा घडीचं पॅनल घे. जमिनीवर ठेव, सूर्याकडे तोंड कर, दिवसातून दोनदा फिरव. छपराला भोक नाही, वाऱ्याचा हिशेब नाही. शिवाय उन्हाळ्यात झाडाखाली गाडी लावायची असेल तर गाडी सावलीत, पॅनल उन्हात. छपरावर बसवलंस की गाडी आयुष्यभर उन्हात भाजायची.

भाची : आणि गावात सामान आणायला गेले तर ते घडीचं पॅनल जमिनीवर सोडून जाऊ? नाहीतर दर वेळी गुंडाळा, आत भरा, परत मांडा. संध्याकाळी वारा सुटला की ते पालथं. छपरावरचं पॅनल गाडी चालू असतानाही बॅटरी भरतं, मी झोपले असले तरी सकाळी आपलं आपण कामाला लागतं. मला वीज पाहिजे, वीज गोळा करायचा धंदा नकोय. आणि उंच बिजागऱ्या लावल्या तर हिवाळ्यात हे पॅनलही तिरकं उभं करता येतं.

मामा : तिरकं करून विसरलीस आणि गाडी काढलीस तर?

भाची : म्हणून नाही लावणार बिजागऱ्या. आडवंच चालेल. कमी पडलं तर तिसरं घेईन. पॅनल स्वस्त झालंय मामा, महाग बॅटरी आहे. जास्त पॅनल लावायची ती चांगल्या दिवसासाठी नाही, ढगाळ दिवसासाठी.

या मुद्द्यावर मामा निरुत्तर झाले नाहीत, पण त्यांनी विषय बदलला, आणि बदलला तो जिथे त्यांचा हात वर होता तिथे. भाची वॉटांत बोलते, मामा युनिटांत. वॉट ऐकायला मोठे वाटतात. बिल युनिटांचं येतं.

मामा : चारशे वॉट डिसेंबरात आडवं. दिवसाला किती युनिट?

भाची : एक. फार तर सव्वा.

मामा : बॅटरी?

भाची : शंभर अँपिअर-अवरची लिथियम. सव्वा युनिट.

मामा : आणि तो छपरावरचा एअर कंडिशनर तासाला किती खातो?

भाची : चौदाशे वॉट. पण मामा, डिसेंबरात एअर कंडिशनर...

मामा : डिसेंबरात नाही लावलास. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे तापायला लागलं की लावशील. डिसेंबरातल्या दिवसभराची कमाई पाऊण तासात फस्त. मग रात्री गॅसच्या हीटरचा पंखा. तो किती?

भाची : पंच्याऐंशी वॉट. रात्रीत पाच तास धरले तर पाव युनिटाच्या वर.

मामा : पाव नाही, जवळजवळ अर्धं. पंच्याऐंशी गुणिले पाच. मग तुझा लॅपटॉप, इंटरनेटची तबकडी दिवसभर चालू. माझ्याकडे नाशिकला उरलेली वीज मंडळाला जाते, मीटर उलटं फिरतं, कमी पडली तर त्यांच्याकडून घेतो. तुझ्याकडे बॅटरी भरली की दुपारी दोनला पॅनल रिकामं बसून राहणार, आणि रिकामी झाली की पहाटे तीनला पंखा बंद. इथे आधी खर्च मोजायचा असतो, मग पॅनल. तू उलटं केलंस. आधी पॅनल आणलीस, आता खर्च त्यांच्या मापाने कापायला निघालीस.

भाची : सगळे असंच करतात.

मामा : म्हणून सगळ्यांच्या शेजारी संध्याकाळी जनरेटर घरघरत असतो.

हे ती नाकारू शकली नाही. वाळवंटातल्या तळांवर रात्री दहानंतर जनरेटरला बंदी असते, पण सकाळी सहा वाजले की सगळीकडून सुरुवात होते, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या रात्री ती वही घेऊन बसली आणि एकेका उपकरणाचे तास लिहायला लागली. इंटरनेटची तबकडी रात्री बंद ठेवायची, लॅपटॉप दुपारी उन्हात चार्ज करायचा, जादा पांघरूण न्यायचं आणि हीटर एक अंश खाली. माझ्या मते चारशे वॉटांत त्या वहीची भर दोनशे वॉटांची असेल. त्याला भोक लागत नाही. मामांनी मात्र वहीकडे बघून एवढंच म्हटलं की हे आधी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पॅनलच्या मापाचे पुठ्ठे कापून छपरावर ठेवले आणि वर चिकटपट्टी मारली, म्हणजे खरी पॅनल चढवण्याआधी जागा बघता येईल. मामांनी वर चढायचा हट्ट धरला. या वयात छपरावर नको म्हणून मी बरंच सांगितलं. ते म्हणाले, ‘जावईबापू, तुम्ही शिडी धरा, बाकीचं मी बघतो.’ अर्ध्या छपरापर्यंत गुडघ्यांवर जाऊन त्यांनी तिथूनच आवाज दिला.

मामा : मागच्या झरोक्यापर्यंत जायचं कुठून?

भाची : कडेने.

मामा : कडेने किती जागा आहे? वीतभर. तिकडून खाली पडायचं? दोन पॅनल आडवी ठेवलीस, रस्ता बंद. वर्षातून दोनदा चढून सीलंट बघणार म्हणालीस ना? पॅनलवर पाय देऊन जाणार?

भाची : काचेवर नाही द्यायचा पाय.

मामा : मग मागच्या झरोक्याचं सीलंट कोण बघणार? तुझी सोळा भोकं ठीक राहतील, ती तुझ्या डोळ्यासमोर आहेत. त्या झरोक्याची कारखान्यातली भोकं आता पॅनलच्या पलीकडे गेली. तिथे तू जाणार नाहीस.

भाची वर आली, पुठ्ठ्यांकडे बघत राहिली, मग मागचा पुठ्ठा सोडवून उभा फिरवला आणि एअर कंडिशनरच्या शेजारी सरकवला. मध्ये गुडघे टेकून जाण्याइतकी वाट निघाली.

भाची : इथे ठेवलं तर एअर कंडिशनरची सावली पडते. तो फूटभर उंच आहे. डिसेंबरात भर दुपारी दीड फूट सावली, सकाळी-संध्याकाळी त्याहून लांब.

मामा : गाडी उभी करताना तोंड फिरवलंस तर? सावली उत्तरेला पडते. पॅनल दक्षिणेला येईल अशी लाव.

भाची : दर वेळी मिळेल तशी जागा?

मामा : वाळवंटात जागेला काय तोटा आहे?

भाची : आणि या पुठ्ठ्याखाली कडी येतेय की नाही ते बघायला हवं. अहो, ते चुंबक द्या वर.

मामा : चुंबक नंतर. आधी पुठ्ठा असाच राहू दे. चार वाजता सावली कुठवर येते ते बघू, मग भोकं पाड.

भाची : म्हणजे पाडू?

मामा : चार वाजू दे म्हटलं ना.